मला हे पुस्तक नाही आवडलं

दिवेलागणीची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणी धार काढून नुकतीच घरात आली असेल, कुणी मुलांचा अभ्यास घेता घेता रेडिओला कान लावून बसली असेल.

गेल्या वेळी मी पासबुकातल्या नोंदींवर बोलले होते. आज पैशाचा विषय नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. आज पुस्तकांविषयी बोलायचं आहे. त्यातही सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या, मोठमोठे पुरस्कार मिळालेल्या, पण वाचणारीला न आवडलेल्या पुस्तकांविषयी.

तुम्ही म्हणाल, हा कसला विषय? आवडलं नाही तर मिटून ठेवायचं, झालं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण आमच्या एका गटात जे घडलं त्यानंतर मला वाटायला लागलं की "नाही आवडलं" या दोन शब्दांकडे आपण फार कमी लक्ष देतो.

आधी आमच्या वाचनाची गोष्ट सांगते. मी बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. दर महिन्याला गटांच्या बैठका असतात. बचत गोळा होते, हप्ते येतात, इतिवृत्त लिहिलं जातं, सह्या-अंगठे होतात. त्यानंतर बायका निवांत अर्धा तास बसतात. तो अर्धा तास गावातल्या चर्चेत जायचा. आमच्या एका गावात ‘ड’ वर्गाचं छोटं वाचनालय आहे. कपाटं भरलेली, पण वाचक म्हणजे चार म्हातारे आणि तेही वर्तमानपत्रापुरते. मी ठरवलं, या अर्ध्या तासात एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येईल. महिन्यातला एक अर्धा तास पुरेना, म्हणून मग बायकाच दर शनिवारी जमायला लागल्या.

पहिलं पुस्तक मी निवडलं, ‘ययाति’. वि. स. खांडेकरांची कादंबरी, १९५९ सालची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ. म्हटलं, सुरुवात करायची तर मोठ्या पुस्तकानं करू. खरं सांगायचं तर मी बी.ए. झालेली आहे हे दाखवायची हौसही त्यात होती.

चार-पाच शनिवार वाचन झालं. मी विचारायचे, "कसं वाटतंय?" सगळ्या म्हणायच्या, "छान आहे, ताई." पण बायका कमी व्हायला लागल्या. अठराच्या बारा झाल्या, बाराच्या सात. एकीची म्हैस व्यायला झालेली, एकीच्या घरी पाहुणे. मी म्हटलं, बायकांना वाचनाची गोडीच नाही. दोष सरळ त्यांच्यावर टाकून मोकळी झाले.

सातजणी उरल्या तेव्हा आमच्या आक्का बोलल्या. आक्का साठीच्या पुढच्या, अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, "बाई, तू रागावू नगंस. पर मला ह्यो राजा न्हाय आवडत."

मी विचारलं, "का हो आक्का?"

"का म्हंजी? त्याला समदं मिळालंय आन् त्याचं रडगाणं काय सरंना. ती पोरगी मेली बिचारी, तिचं कुणी इचारतं का?"

ती पोरगी म्हणजे अलका. राजवाड्यातल्या दाईची मुलगी. तरुण ययातीचा जीव तिच्यावर जडतो आणि पुढे राजवाड्यातच तिला विष देऊन मारलं जातं. मी ही कादंबरी दोनदा वाचली होती. देवयानी लक्षात होती, शर्मिष्ठा लक्षात होती, कच लक्षात होता. अलका एवढी नव्हती. आक्कांनी एकदाच ऐकलं आणि त्या नेमक्या तिथं अडकून बसल्या होत्या.

मग काय, सगळ्यांचीच तोंडं उघडली. एक म्हणाली, "ताई, पानापानावर सुविचार आहेत. शाळेच्या फळ्यावर रोज एक बरा वाटतो, सगळे एकदम नको वाटतात." दुसरी म्हणाली, "पुढं पोरगाच बापाला आपलं तरुणपण देतो म्हणता. आपल्यात पोरं बापाचं कर्ज फेडतात, इथं पोरगं बापाचं म्हातारपण फेडतंय." हसून हसून पुरेवाट झाली.

मी लेखकाची बाजू मांडली. म्हटलं, खांडेकरांनी या राजाला चांगला म्हटलेलंच नाही. माणसाची हाव कधी संपत नाही, सुख कितीही मिळालं तरी आणखी हवंच असतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आक्का म्हणाल्या, "ते मला पयल्या दिवशीच कळलं. पुढचं कशाला ऐकायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. ही कादंबरी एकटा ययाति सांगत नाही. काही भाग देवयानी सांगते, काही शर्मिष्ठा सांगते. शर्मिष्ठा राजकन्या, पण आपल्या कुळासाठी देवयानीची दासी होऊन राहते. तिचं बोलणं सुरू झालं तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या बायका पुढे सरकल्या. एकजण म्हणाली, "हिच्यापासूनच सुरू करायचं होतं ना!" म्हणजे पुस्तक सगळंच नावडतं नव्हतं. कुणाच्या तोंडून ऐकायचं, यावर त्यांचं म्हणणं होतं. हे त्यांनी पहिल्याच शनिवारी सांगितलं असतं तर अठराच्या सात झाल्या नसत्या. आणि त्या बोलल्या नाहीत, कारण पुस्तक मोठं, पुरस्कार मोठा आणि समोर बसलेली बाई शिकलेली. "आम्हाला कळत नाही" असं स्वतःलाच सांगून त्या घरी गेल्या.

मैत्रिणींनो, मलाही ही सवय होती. कॉलेजात असताना मी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ वाचली. १९६३ साली आलेली ही कादंबरी. मराठी कादंबरीला तिनं नवं वळण दिलं असं म्हणतात, आणि नेमाड्यांनाही पुढे ज्ञानपीठ मिळालं. त्यातला पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, मित्रांवर पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परत येतो. मी तेव्हा एस.टी.च्या पासवर रोज तालुक्याला जायचे. वडिलांनी माझी फी भरायला एक करडू विकलं होतं. मला त्या पांडुरंगाचा असा राग यायचा! बापानं पाठवलेला पैसा हा असा उडवतो, आणि वर कंटाळा आला, कंटाळा आला म्हणतो! पण परीक्षेत मी काय लिहिलं? वहीत उतरवून घेतलं होतं तेच. आधुनिक माणसाचं एकटेपण, भाषेचा नवा प्रयोग, वगैरे वगैरे. चांगले गुण मिळाले. मला काय वाटलं ते मी कुणालाच सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

‘ययाति’नंतर मी गटात हे कबूल केलं. बायका म्हणाल्या, "मग आता तेच वाचू, बघू तरी." वाचलं. माझ्यासारखाच राग बऱ्याच जणींना आला. एक मावशी म्हणाली, "ह्याला चार दिस आमच्याबरोबर खुरपायला पाठवा, कंटाळा कुठल्या कुठं पळंल." पण गटातल्या एकीची मुलगी शहरात वसतिगृहात राहून शिकते, ती सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आई, तिथं गेल्यावर अगदी असंच होतं. आपण कुठलेच राहत नाही. तिथल्यांना आपण गावठी वाटतो, आणि इथं आलं की तुम्ही म्हणता शहाणी झाली." तिची आई तिच्याकडे बघतच राहिली. मुलगी दोन वर्षं शहरात होती आणि हे तिनं घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्याच पुस्तकात पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मरणाचा भाग आहे. तो वाचताना कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. खुरपायला पाठवा म्हणणारी मावशी पदरानं डोळे पुसत होती. तरीही शेवटी ती म्हणाली, "ह्यो भाग लई चांगला. पर पोरगा मला न्हाय आवडला तो न्हायच आवडला." मला हे फार पटलं. एखादं पुस्तक आपल्याला रडवतं आणि तरी आवडत नाही, असं होऊ शकतं. आणि मला न आवडलेलं पुस्तक दुसरीच्या पोरीला धीर देऊन जातं, असंही होऊ शकतं. मी माझं मत बदललं नाही, तिनं तिचं बदललं नाही. दोघींनी एकमेकींचं ऐकलं, एवढंच.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला थोडी लाज वाटते. ज्या मैत्रिणीची ही गोष्ट आहे तिला विचारून, तिच्या परवानगीनं सांगते आहे. तिचं नाव, गाव सांगणार नाही.

तिसरं पुस्तक आम्ही घेतलं ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली हे अवघ्या पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं. आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. महाराष्ट्रातल्या किती घरांत हे पुस्तक असेल, त्याची मोजदाद नाही. मला वाटलं, याला तरी कुणी नाही म्हणणार नाही.

सुरुवात चांगली झाली. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम लपून बसतो आणि आई त्याला फटके देऊन पाठवते, त्या गोष्टीला सगळ्या हसल्या. "आमच्यासारखीच आहे की," म्हणाल्या. पण हळूहळू वेगळं बोलणं सुरू झालं. एक तरुण सून म्हणाली, "आमच्या घरी पोरगं चुकलं की सगळे मला म्हणतात, श्यामच्या आईसारखी आई पाहिजे. श्यामच्या वडिलांसारखे वडील पाहिजेत, असं कुणी यांना म्हणत नाही." आणखी एक मैत्रीण. डोक्यावरची मोळी खाली पडलेल्या दलित म्हातारीला श्याम आईच्या सांगण्यावरून मदत करतो, तो भाग वाचून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मदत केली ते बरंच केलं. पण त्याचं एवढं कौतुक करावं लागलं, यातच सगळं आलं." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. पुस्तक नव्वद वर्षांपूर्वीचं आहे, त्या काळात तेवढंही सोपं नव्हतं, असं मी म्हणाले. तेही खरं आहे. पण तिचं म्हणणंही खरं आहे. आम्ही दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

या पुस्तकात कर्जाचा भाग मोठा आहे. श्यामच्या वडिलांवर कर्ज होतं, व्याज चढत जातं, सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, नको ते बोलतो. पुढे जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते. मला वाटलं, बचत गटासाठी याच्याइतकं योग्य वाचन दुसरं नाही. मी उत्साहानं वाचत होते. सावकाराचा माणूस दारात येतो तिथंवर आले आणि आमच्यातली एक मैत्रीण एकदम म्हणाली, "ताई, हे पुस्तक बंद करा. मला नाही आवडत."

मी म्हणाले, "अगं, आताच तर खरी गोष्ट आहे."

"असू दे. मला नाही आवडत. रडकं आहे नुसतं."

आणि मी काय बोलले असेन? मी हसून म्हणाले, "श्यामची आई न आवडणारी बाई मी आज पहिल्यांदाच बघते." बाकीच्याही हसल्या. ती उठली, चप्पल घातली आणि गेली.

पुढचे दोन शनिवार ती आली नाही. महिन्याच्या बैठकीलाही आली नाही, बचतीचे पैसे मुलाबरोबर पाठवून दिले. ही बाई पाच वर्षांत एकदाही गैरहजर राहिलेली नव्हती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या दिशी तू तिला हसलीस. जा तिच्याकडं."

मी गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं, चहा झाला. मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही वाचत होता ना, तो माणूस दारात येऊन बसतो... माझ्या दारात दर मंगळवारी बसतोय. त्याच्या गाडीचा आवाज वळणावर आला तरी मला ओळखू येतो. आणि तुम्ही म्हणता ऐका."

तिच्या नावावर तीन ठिकाणचं कर्ज होतं. घरोघरी येऊन, बायकांचे पाच-पाच जणींचे गट करून कर्ज देणाऱ्या कंपन्यांचं. पहिलं घेतलं बोअर मारायला. बोअरला पाणी लागलं नाही. दुसरं घेतलं पहिल्याचे हप्ते भरायला, आणि तिसरं दुसऱ्यासाठी. पैसे वापरले सगळ्या घरानं, पण सही तिची. मी दर महिन्याला तिच्याशेजारी बसून गटाचं खातं लिहीत होते. तिच्या बचतीचा एक रुपया चुकला असता तर मला कळलं असतं. आणि हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी ‘श्यामची आई’ पुन्हा उघडलं. आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की त्या पुस्तकात कर्ज वडिलांचं आहे. आई अपमान सोसते, पण कागद तिच्या नावाचा नाही. आज सावकाराच्या जागी कंपनी आली, आणि कागदावर सही बाईची आली. बाकी दारातलं बसणं, शेजाऱ्यांनी खिडकीतून बघणं, पोरांनी घाबरून आत जाणं, सगळं तसंच आहे. तिला पुस्तक खोटं वाटलं म्हणून नको होतं असं नाही. ते इतकं खरं होतं की चारचौघींत बसून ऐकणं तिला शक्य नव्हतं. आणि आम्ही त्याला नावड समजलो, वर हसलो.

पुढचं थोडक्यात सांगते. तिच्या परवानगीनं विषय गटात घेतला. सगळ्या लगेच तयार झाल्या, असं नाही. दोघींनी स्पष्ट सांगितलं की एकीला एवढं दिलं तर आमच्या अडचणीला काय उरेल? त्यांचा प्रश्न रास्त होता. दोन बैठका चर्चेत गेल्या. शेवटी गटाच्या अंतर्गत कर्जातून तिचं एक कर्ज, ज्याचा तगादा सगळ्यात वाईट होता ते, फेडून टाकायचं ठरलं. बाकी दोन ती हप्त्यांनी फेडते आहे. अजून फिटलेली नाहीत. आणि एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी पाठ केली, तुम्हीही करा. अशा छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, २०२२ पासून लागू आहेत. वसुलीच्या माणसाला धमकावता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही, आणि सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. आमच्या मैत्रिणीनं हे त्याला तोंडावर सांगितलं. शेजारी आम्ही चौघी उभ्या होतो.

मैत्रिणींनो, तेव्हापासून मी "नाही आवडलं" हे वेगळ्या कानांनी ऐकते. माझ्या लक्षात आलंय की पुस्तक न आवडण्याची कारणं एकसारखी नसतात.

कधी सांगण्याची रीतच आपल्या पचनी पडत नाही. पानापानावरचे सुविचार, लांबलचक वाक्यं, आपल्या बोलण्यात नसलेले शब्द. यात पुस्तकाचाही दोष नसतो आणि आपलाही. प्रत्येकीच्या हाताला प्रत्येक विळा बसत नाही, तसंच.

कधी पुस्तकाला ज्याचं कौतुक आहे, त्याचं आपल्याला कौतुक वाटत नाही. राजाच्या दुःखाला जागा मिळते, दाईच्या मुलीला मिळत नाही. ही नावड विचार करणाऱ्या बाईची आहे. ती दाबून ठेवू नये.

कधी पुस्तकाचा वापर आपल्याविरुद्ध झालेला असतो. "श्यामच्या आईसारखी हो" हे उठता-बसता ऐकलेल्या सुनेला ते पुस्तक कसं गोड लागेल? तिथं राग पुस्तकावर कमी आणि ते हातात धरून बोलणाऱ्यांवर जास्त असतो.

कधी नुसतं कौतुकच जास्त झालेलं असतं. जत्रेतल्या ज्या पाळण्याचं वर्षभर वर्णन ऐकलं, त्यात बसल्यावर "एवढंच?" असं होतं, त्यातला प्रकार.

आणि कधी पुस्तक आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं. अशी बाई "नाही आवडलं" म्हणते तेव्हा तिला पुस्तकाचं मोठेपण समजावत बसू नका. तिच्या शेजारी बसा. तिला सांगायचं असलं तर ती सांगेल.

आम्ही आता गटात एक साधी रीत पाडली आहे. वाचन झालं की नुसतं "छान आहे" म्हणायचं नाही आणि नुसतं "नाही आवडलं" म्हणूनही थांबायचं नाही. कुठं आवडलं, कुठं नाही, आणि का, एवढं प्रत्येकीनं आपल्या शब्दांत सांगायचं. ज्यांना कारण सांगायचं नाही त्यांनी "आज नाही सांगत" म्हणायचं, त्यावर कुणी हसायचं नाही. इतिवृत्ताच्या वहीत शेवटी दोन ओळी वाचनाच्या असतात. आक्का अंगठा देण्याआधी विचारतात, "मी बोलले ते लिवलंस का तसंच?" मी वाचून दाखवते, मगच अंगठा उमटतो.

आणि याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. मागच्या महिन्यात पिठाच्या गिरणीच्या खरेदीचा विषय होता. विकणारा माणूस बैठकीत येऊन तासभर यंत्राचं गुणगान करून गेला. पूर्वी सगळ्यांनी "छान आहे" म्हणून माना डोलावल्या असत्या. यावेळी एकीनं विचारलं, "सगळं चांगलंच सांगितलंत, बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार ते नाही सांगितलं." दुसरी म्हणाली, "मला नाही पटलं. का ते सांगते." मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मला त्या शनिवारच्या वाचनाची आठवण झाली. मोठं नाव ऐकून गप्प बसायची सवय एका जागी मोडली की दुसऱ्या जागीही मोडते, असं मला वाटतं.

सध्या आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतो आहोत. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या बाईनं लिहिलेलं आपलं आयुष्य. तिच्या वडिलांना सोवळ्याचं असं वेड की घरात येईल ती वस्तू धुवायची, ते ऐकून बायका लोटपोट झाल्या. आक्कांना हे पुस्तक फार आवडलंय. पण माझी खात्री आहे की एखादी तरी म्हणेल, मला नाही आवडलं. तिची मी वाट बघते आहे.

आणि ती मैत्रीण? ती परत येते शनिवारी. परवा वाचनालयाचं कपाट लावताना तिच्या हातात ‘श्यामची आई’ आलं. मी काही बोलले नाही. तिनं त्यावरची धूळ पदरानं पुसली, पुस्तक जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "चांगलं असेल, ताई. पण मला अजूनही नाही आवडत."

मी म्हटलं, "बरं."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावातही एखादं वाचनालय असेल, कुणाच्या घरी एखादं जुनं पुस्तक असेल. येत्या बैठकीत काढा, दहा पानं मोठ्यानं वाचा आणि एकमेकींना विचारा. उत्तर "नाही आवडलं" आलं तर घाबरू नका. पुढं फक्त एवढंच विचारा, "का गं?" आणि मग ऐकून घ्या.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.